इंजिनात दोन तेले एकत्र आली तर?



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, झालेच तर एखादे प्रवासवर्णन, अशी विषयांची पंगत ठरलेली असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. त्या पंगतीत आज मोटारीच्या तेलाला पान मांडले आहे. विषय थोडा चिकट आहे. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या दारात उभा आहे, म्हणून चालकांनी तो मान्य केला असावा.

पुंडलिकनगरच्या रस्त्यावर सकाळी जरा उभे राहून पाहावे. वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला पाळीवर निघालेल्या दुचाक्यांची रांग संपता संपत नाही. मधून रिक्षा, शाळेच्या गाड्या, बाजारात भाजी घेऊन आलेले टेम्पो. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून वाहन बनविणारे शहर अशीच आपल्या गावाची ओळख झाली. आज या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या हातून इंजिनांचे भाग गेले असतील. तरीही गॅरेजच्या पायरीवर एक प्रश्न आला की भलेभले घुटमळतात. "ऑइल कमी झालंय. आत कोणतं आहे ते ठाऊक नाही. दुसरं टाकलं तर चालेल का?"

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही ठासून दिली जातात. एक मिस्त्री म्हणतो, "काही होत नाही हो, तेल ते तेल. टाका कोणतंही." दुसरा म्हणतो, "चुकूनही मिसळू नका. आत जेली होईल, इंजिन जाम होईल." माझे म्हणणे मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तास आपणास अंदाज बांधीत बसावे लागणार नाही. एकाच कामासाठी बनविलेली दोन तेले मिसळल्याने इंजिन मरत नाही. तेल कमी असताना गाडी दामटल्याने ते मरते. आणि निरनिराळ्या कामांसाठी बनविलेली तेले मिसळणे मात्र खरोखरच घातक आहे. आपली भीती आहे ती पहिल्या गोष्टीची, आणि दुसऱ्या दोन गोष्टींबद्दल आपण निर्धास्त असतो. ही भीती योग्य जागी नेऊन ठेवावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम ही भीती आली कोठून ते पाहू, कारण ती अगदीच बिनबुडाची नाही. आपल्या आजोबांच्या काळी बैलगाडीच्या आसाला वंगण लागे, आणि त्यात एरंडेलाचा मान मोठा होता. आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या तेलंगण भागात एरंडीचे पीक भरपूर येई. हे एरंडेल पुढे बैलगाडीतून थेट विमानात जाऊन बसले! पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांना फिरती इंजिने होती. म्हणजे दांडा स्थिर आणि सिलिंडरांचे वर्तुळ त्याभोवती गरगर फिरणारे. त्या इंजिनांत पेट्रोलची वाफ वंगणाच्या कोठीतूनच जाई. जमिनीतून निघालेले खनिज तेल त्या पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई. एरंडेल तसे सहजी विरघळत नसे. म्हणून वैमानिक एरंडेल वापरीत. चार्ल्स वेकफील्ड याने १८९९ साली लंडनमध्ये काढलेल्या कंपनीने १९०९ साली ज्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' असे नाव दिले, त्या नावात 'कॅस्टर' म्हणजे आपला एरंडच आहे.

आता गंमत पाहा. जे एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, ते खनिज तेलातही सुखाने नांदत नाही. दोन्ही एकत्र केली तर थर वेगळे होतात. शिवाय एरंडेल तापून तापून डिंकासारखे चिकट होते. त्या काळच्या कारागिराने "तेले मिसळू नका" असे सांगितले असेल, तर तो खरेच सांगत होता. एरंडेल इंजिनातून गेले; त्याच्याविषयीचा इशारा मात्र मागे राहिला. गुरूकडून शिष्याकडे, एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात, तो आजवर चालत आला आहे.

मग आजच्या डब्यात असते तरी काय? साधारणपणे पाऊण भागाहून अधिक असते ते मूळ तेल. मुंबईत माहुल येथे हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात खनिज तेलापासून असे मूळ तेल काढतात. उरलेल्या भागात असतात ती द्रव्ये, ज्यांना आपण तेलाचा मसाला म्हणू. एक द्रव्य काजळी धुऊन काढते. दुसरे ती काजळी तरंगत ठेवते, तळाशी बसू देत नाही. जस्त आणि गंधक असलेले एक द्रव्य धातूवर संरक्षक पापुद्रा धरते. एक फेस मारते. ते इतके थोडे लागते की लाखात एखादा भाग पुरतो. आणि एक लांब साखळीचे द्रव्य असे असते की, जे तेलाला उन्हात फार पातळ होऊ देत नाही. आमटी कोणाची झणझणीत, कोणाची सपक. पण हळद, मीठ, मोहरी सगळ्यांकडे तीच. तसेच इथे आहे. जगातील बहुतेक कंपन्या हा मसाला चार मोठ्या कारखानदारांकडून घेतात. डबे वेगळे, जाहिराती वेगळ्या, पण आतील मंडळी एकमेकांच्या नात्यातली.

आणि ही नाती केवळ योगायोगाने जुळलेली नाहीत. अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेचा, म्हणजे एपीआयचा, शिक्का ज्या तेलावर असतो, त्याला एक परीक्षा द्यावी लागते. त्या तेलात ठरावीक नमुन्याची दुसरी तेले मिसळतात, मिश्रण थंड करतात, तापवितात आणि ते फुटते की काय, थर किंवा गाळ दिसतो की काय, हे पाहतात. या कसोटीला डी ६९२२ असा क्रमांक आहे. ज्याचे इतरांशी पटत नाही, त्या तेलाला शिक्का मिळत नाही. कारण शिक्का देणाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे, की रस्त्यावरचा मनुष्य अडचणीत मिळेल ते तेल ओतणार आहे.

येथे कोणी विचारील, "खनिज आणि सिंथेटिक यांचे काय? ती तर पाणी आणि तूप!" मंडळी, दुकानाच्या फळीवर 'सेमी-सिंथेटिक' असा डबा असतो, तो आपण पाहिला असेल. तो काय आहे? खनिज आणि सिंथेटिक यांचे कारखान्यात केलेले मिश्रणच ना? मिसळण्याने जेली होत असती, तर तो डबा विकता आला नसता. शिवाय ज्याला आज बाजारात सिंथेटिक म्हणतात, त्यातील पुष्कळसे तेल त्याच जमिनीतील खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेले असते. म्हणजे पाणी आणि तूप नव्हे; फार तर गावठी तूप आणि कढवून गाळून घेतलेले तूप.

आणखी एक पुरावा आपल्याच गॅरेजात मिळतो. तेल बदलताना चेंबरचा बोल्ट काढून जुने तेल निथळू देतात. ते सगळे निघते काय? नाही. वाटांतून, खाचांतून काही ना काही राहतेच. त्यावर नवे पडते. म्हणजे प्रत्येक ऑइल बदलीच्या वेळी मिश्रण होतच असते, आणि इंजिने बिनतक्रार चालत असतात. झाकणाखाली कधी दुधाळ साय दिसते, कधी काळा लगदा सापडतो; तो दोन कंपन्यांच्या भांडणाने झालेला नसतो. साय पाण्यामुळे किंवा रेडिएटरचे कूलंट आत झिरपल्यामुळे येते, आणि लगदा बहुधा महिनोन् महिने तेल न बदलल्यामुळे. मिस्त्रीला मिश्रणाचे निमित्त सापडते, आणि गळके गास्केट सुटून जाते.

मग पहिल्या मिस्त्रीचे "तेल ते तेल" खरे मानावे काय? तेही नाही. मिसळल्याने काही गमावतेच, आणि काय गमावते ते नेमके समजून घेतले पाहिजे. डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '१५ डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. यातील 'डब्ल्यू' हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा थंडीतला स्वभाव सांगतो, दुसरा तापल्यावरचा. पाचाच्या तेलाची थंडीची परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, पंधराच्या तेलाची उणे २० अंशांवर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास आला की आपण शेकोट्या पेटवितो! तेव्हा मराठवाड्यात पहिल्या आकड्याच्या थोड्या गडबडीने फारसे बिघडत नाही. दुसऱ्या आकड्याकडे मात्र लक्ष हवे, कारण मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात इंजिन चालायचे असते.

हा दुसरा आकडा शंभर अंशांवरील दाटपणा सांगतो. तीसच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, चाळीसच्या तेलाचा १२.५ ते १६.३. समजा, साडेदहाचे एक तेल आणि साडेचौदाचे दुसरे निम्मे निम्मे मिसळले, तर दाटपणा बारा-सव्वाबाराच्या घरात येतो. ना धड तीस, ना धड चाळीस, सीमेवरचे गाव. इंजिन चालेल. परंतु कंपनीने डब्यावर जो शब्द दिला होता, तो तिच्या डब्यातील तेलाविषयी होता, आपण केलेल्या काल्याविषयी नव्हता. मसाल्याचे प्रमाण बिघडते, महाग तेलाचे आयुष्य स्वस्त तेलाच्या पातळीवर उतरते. म्हणून मिश्रण झाल्यावर पुढची ऑइल बदली लवकर करावी आणि हप्ता लांबवू नये. गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरून पावती जपून ठेवावी, हेही ओघाने आलेच.

येथपर्यंत मी धीर दिला. आता सावध करतो, कारण खरे धोके यापुढे आहेत, आणि त्यांची नावे गॅरेजात फारशी घेतली जात नाहीत.

पहिला धोका मोटारसायकलचा. मोटारीत इंजिनाचे तेल वेगळे आणि क्लच कोरडा. मोटारसायकलीत बहुधा एकच तेल इंजिनाला, गिअरला आणि क्लचला पुरते. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या कित्येक तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून घसरण वाढविणारी द्रव्ये घालतात. तेच तेल मोटारसायकलीत गेले तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे सरत नाही. यासाठीच जपानी मोटार उद्योगाने १९९८ साली 'जासो' हा दर्जा ठरविला. डब्यावर 'एमए' किंवा 'एमए-२' असेल तर ते ओल्या क्लचच्या मोटारसायकलीचे. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटरचे. घरात मुलाची मोटारसायकल, सुनेची स्कूटर आणि सासऱ्यांची मोटार अशी तिन्ही असतील, तर उरलेले तेल एकमेकांत फिरवू नये. काटकसर क्लचप्लेटच्या बिलात परत जाते.

दुसरा धोका नव्या डिझेल गाड्यांचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. त्या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारे तेल लागते. जुन्या ट्रकचे तेल तिच्यात वारंवार ओतले, तर इंजिन कुरकुरणार नाही. पण राखेने ती गाळणी हळूहळू तुंबेल. काजळी जळून जाते, राख जळत नाही. आणि ती गाळणी बदलणे हा शे-दोनशे रुपयांचा मामला नाही.

तिसरा धोका म्हणजे नावाने तेल, पण जातीने निराळे. १९७२ साली आलेला चेतक आपल्यातील पुष्कळांनी चालविला असेल. दोन फटक्यांच्या त्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. ते तेल जळून जाण्यासाठी बनविलेले. ते चार फटक्यांच्या इंजिनाच्या चेंबरमध्ये घालू नये. गिअरचे तेल इंजिनात घालू नये. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात ब्रेक तेलात बुडालेले असतात. तेथे इंजिनाचे तेल ओतून काम भागवू नये, कारण त्या ब्रेकांना त्यांचे खास तेल हवे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक ऑइल. त्याला आपण ऑइल म्हणतो एवढेच. नेहमीच्या गाड्यांतील ब्रेक ऑइल हे मुळी तेल नव्हे, ते ग्लायकोल जातीचे रसायन आहे. त्यात इंजिन ऑइलचा थोडा अंश गेला तरी आतील रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक दगा देतात. दोन इंजिन ऑइले मिसळण्याच्या भीतीने झोप उडालेला मनुष्य, त्याच मापाने ब्रेकची बाटली भरताना मी पाहिला आहे. तेथे प्रश्न इंजिनाचा नसतो, जिवाचा असतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे तेल कमी असण्याकडे, येतो. एक प्रसंग कल्पनेत आणा. कुटुंब मोटारीने कन्नडहून चाळीसगावकडे निघाले आहे. औट्रम घाटाच्या अलीकडे गाडी थांबविली, दांडी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. जवळच्या दुकानात तेल आहे, पण आपल्या कंपनीचे नाही. आकडाही थोडा निराळा. गृहस्थ विचार करतो, "नको बुवा, मिसळायला. घाट उतरू, धुळ्याला आपलं मिळेल." ही सावधगिरी त्याला महागात पडते. दांड्यावरील दोन खुणांमधले अंतर बहुतेक मोटारींत सुमारे एक लिटर असते. खालच्या खुणेच्याही खाली तेल असताना घाटाच्या वळणावर ते एका बाजूला कलते, पंपाचे तोंड उघडे पडते, आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो केसापेक्षाही कितीतरी पातळ. तो तुटला की धातूला धातू लागतो, आणि पुढचे सगळे थोड्या वेळातच होते. तेल गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत.

आणि तो लाल दिवा? पुष्कळांचा समज असा, की तेल कमी झाले की दिवा लागेल, तेव्हा पाहू. बहुतेक गाड्यांतील तो लाल दिवा तेलाचा दाब पडल्याचा असतो, पातळीचा नव्हे. तो लागला म्हणजे इशारा नव्हे, निकाल. त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले पाहिजे. आपल्या साध्या मोटारसायकलींना तर बहुधा असा दिवाच नसतो. शंभर सीसीच्या गाडीत तेल असते अवघे लिटरभर. त्यातले तीनशे मिलिलिटर जळाले, तर जवळजवळ एक तृतीयांश गेले. रोज वाळूजला जाऊन येणाऱ्या कामगाराची ही गाडी म्हणजे त्याची हजेरी असते. रिक्षावाल्याची रिक्षा म्हणजे त्या दिवसाचे पीठमीठ. इंजिन बसले की बोअर-पिस्टनचा खर्च आणि वर बुडालेले खाडे. अर्धा लिटर "परक्या" तेलाने हे सगळे टळत असेल, तर तेथे सोवळे पाळू नये.

मात्र हे सोवळे एका ठिकाणी अवश्य पाळावे. ते म्हणजे सुट्या तेलाबाबत. जुने काळे तेल गाळून, रंग उजळवून पुन्हा डब्यात भरण्याचे धंदे चालतात, हे आपणास सांगावयास नको. सील तुटलेला डबा, फार स्वस्त भाव, पावतीला नकार, ही त्याची लक्षणे. रिकामा डबा टाकताना त्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरता येत नाही. उलट, जुने तेल रीतसर शुद्ध केले तर त्यापासून उत्तम मूळ तेल मिळते, आणि १ एप्रिल २०२४ पासून मूळ तेल व वंगण बनविणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी कायद्याने आलेली आहे. येथे मात्र मिसळणे खरोखर वाईट. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात पेट्रोल, थिनर, कूलंट, पाणी पडले, की ते तेल शुद्ध करणे कठीण होते. आणि गटारात ओतले, तर ते खाम नदीपर्यंत पोहोचते. नदीला ऑइल बदली नसते.

एवढे सांगून, घरी नेण्यासारख्या चार गोष्टी हातात देतो. गाडीच्या पुस्तिकेतला तेलाचा आकडा आणि दर्जा एका कागदावर लिहून तो कागद गाडीतच ठेवावा. पंधरा दिवसांतून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी दांडी पाहावी. दुचाकीला काच असेल तर ती पाहावी. तेल कमी दिसले आणि नेमके तेच मिळाले नाही, तर त्याच कामाचे, त्याच दर्जाचे, आकड्याने जवळचे सीलबंद तेल वरच्या खुणेपर्यंतच घालावे. अधिक घातले तर फेस होतो. आणि ब्रेक, गिअर, क्लच यांच्या बाबतीत मात्र "चालतंय की" हा शब्द तोंडातून काढू नये.

२०२० सालापासून चेतक पुन्हा रस्त्यावर आला आहे, तो विजेवर चालतो आणि त्याला इंजिन ऑइल लागत नाही. एक दिवस हे व्याख्यान निरुपयोगी ठरेल, आणि त्याचे मला वाईट वाटणार नाही. पण तो दिवस येईपर्यंत, सभा संपल्यावर आपण बाहेर ज्या गाड्या लावून आला आहात, त्यांच्यात तेल किती आहे हे उद्या सकाळी थंड इंजिनावर एकदा पाहा. कोणत्या कंपनीचे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.